डॉक्टर घडवायला दिलेला पैसा पाण्यात जातो का?

समाजमाध्यमांवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आफ्रिकेतल्या गरीब देशांत चर्च आणि धर्मादाय संस्था डॉक्टर घडवण्यावर जो पैसा घालतात, तो पाण्यात जातो. शिकलेला डॉक्टर परदेश गाठतो. मिशन हॉस्पिटलातलं शिक्षण दुय्यम असतं. त्यापेक्षा यंत्रं पाठवावीत, नाहीतर आठवडाभराचं शिबिर भरवावं. आणि शेवटचा टोला: धर्माच्या नावानं आलेली मदत धर्मांतरासाठीच असते.

यातल्या प्रत्येक मुद्द्यात खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणूनच मजकूर पटकन पटतो. तो कण कुठे संपतो ते पाहू. उदाहरण घेऊ सर्जन घडवणाऱ्या ‘पॅक्स’चं, म्हणजे पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्सचं. ही संस्था १९९६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी गॅबॉनमधल्या बोंगोलो इथल्या मिशन हॉस्पिटलात पहिलं प्रशिक्षण उभं राहिलं. आज केनियातलं किजाबे आणि टेनवेक, इथिओपियातलं सोडो, कॅमेरूनमधलं म्बिंगो अशा रुग्णालयांत ते चालतं.

‘शिकले की परदेशी जातात’

नुसती पहिली पदवी घेतलेले डॉक्टर आफ्रिकेतून मोठ्या संख्येनं बाहेर जातात, हे खरं. पण सर्जन होण्यासाठी परदेशी पाठवलेला माणूस आणि आपल्याच भागात सर्जन झालेला माणूस, यांची गल्लत करू नये. पहिला पाच-सहा वर्षं बाहेर राहतो, तिथली नोंदणी मिळवतो, मुलं तिथल्या शाळेत जातात. परतायचं म्हटलं तर त्याला सगळं मोडून यावं लागतं. दुसऱ्याचं उलट आहे. त्याचं घर, भाषा, ओळखीपाळखी, सगळं इथेच. त्याची पदवी या भागात चालते, पण अमेरिकेत काम करायचं तर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचं तज्ज्ञाचं प्रशिक्षण, बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांत १९७४ ते २०१३ या काळात सर्जन झालेल्या हजाराहून अधिक जणांचा माग काढणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे शिकले त्याच देशात ८५ टक्के होते, आणि आफ्रिका खंडात ९३ टक्के. यात सरकारी विद्यापीठांतून शिकलेलेही आहेत, त्यामुळे श्रेय एकट्या मिशन हॉस्पिटलांना देता येणार नाही. पण ‘शिकवलं की जातो’ हे विधान सर्जनांच्या बाबतीत टिकत नाही.

‘मिशन हॉस्पिटलातलं शिक्षण दुय्यम’

पॅक्सचा सर्जरीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि त्यावर अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठाची देखरेख आहे. पूर्व आफ्रिकेतल्या केंद्रांतले विद्यार्थी ‘कोसेक्सा’ या प्रादेशिक सर्जन महाविद्यालयाच्या परीक्षेलाही बसतात. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाला स्वतःची भव्य इमारत नाही; मान्यता दिलेली रुग्णालयं हेच त्याचे वर्ग. दोन वर्षांनी सदस्यत्वाची परीक्षा, त्यापुढे तीनेक वर्षांनी फेलोशिपची. सरकारी रुग्णालयातला उमेदवार आणि मिशनमधला उमेदवार एकाच परीक्षकांपुढे उभे राहतात.

त्याहून महत्त्वाची असते लॉगबुक, म्हणजे विद्यार्थ्याची ऑपरेशनांची नोंदवही. केलेल्या ऑपरेशनची नुसती संख्या तिथे चालत नाही. विद्यार्थ्यानं फक्त मदत केली, की शिक्षक हात धुऊन टेबलापलीकडे उभा असताना स्वतः केलं, की शिक्षक थिएटरात होता पण हात लावला नाही, की एकट्यानं केलं, हे दर ऑपरेशनला लिहावं लागतं. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वहीत ‘एकट्यानं’च्या नोंदी भराभर दिसल्या, तर तिथे शिक्षणाऐवजी हमाली चालू आहे असं समजावं.

दर्जा घसरतो तो इथेच. एकाच शिक्षकावर उभा असलेला कार्यक्रम तो रजेवर गेला की थांबतो, किंवा मुलं देखरेखीशिवाय कापाकापी करू लागतात. किमान दोन पूर्णवेळ शिक्षक हवेत, आणि त्यांतला एक तरी त्याच मातीतला हवा. दुसरी अडचण पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे काढलेला भाग तपासून रोग ओळखणाऱ्या डॉक्टरची. काढलेली गाठ कसली होती हे महिन्यानं कळलं, तर विद्यार्थ्याला आपला निर्णय बरोबर होता की चूक ते शिकता येत नाही.

‘त्यापेक्षा यंत्रं पाठवा’

हा मुद्दा सर्वांत जास्त पटतो, आणि नुकसानही हाच सर्वांत जास्त करतो. गरीब देशांतल्या रुग्णालयांमधल्या वैद्यकीय उपकरणांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात जवळपास ४० टक्के उपकरणं बंद पडलेली आढळली. कारणं साधी असतात. अमेरिकेतून ११० व्होल्टचं यंत्र येतं आणि केनियात ते २४० व्होल्टच्या प्लगात खुपसलं जातं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राची, जाळी आठवड्याला धुवायची असते, ती कुणी धूत नाही. आतल्या झिओलाइटला, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून घेणाऱ्या खड्यांना, दमट हवेची ओल लागते. मग प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची गोळी पाच लिटरवरच दिसते, पण यंत्रातून येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन ९३ टक्क्यांवरून घसरत जातो. ८२ टक्क्यांखाली गेला तर ते यंत्र रुग्णाला लावू नये, पण तो मोजायचं छोटं उपकरण पेटीत नसतंच. हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं तर झाकणाचं एक रबरी गॅस्केट गेलं तरी सगळी ऑपरेशनं थांबतात.

यंत्र आणि शिक्षण एकत्र दिलं की काय होतं, हे मोडलेल्या हाडासाठी रॉड पुरवणाऱ्या ‘साइन’ या संस्थेच्या कामात दिसतं. मांडीचं हाड मोडलं की आपल्याकडे हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड टाकतात. त्याच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू बसले नाहीत, तर हाड फिरतं किंवा पाय आखूड होतो. वरचे स्क्रू सोपे. खालच्यांची जागा हाडाच्या आत दडलेली. मोठ्या रुग्णालयात सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहत पाहत ड्रिल मारतात. टेनवेकसारख्या ठिकाणी दर वेळी सी-आर्म मिळेलच असं नाही, छोट्या गावात तर नाहीच. म्हणून या भरीव रॉडला खाली गोल भोकाऐवजी लांबट खाच असते. वरच्या टोकाला बाहेरून एक पट्टी जोडतात, ती ड्रिलची जागा दाखवते. हाडात शिरताना रॉड किंचित वाकतो आणि पट्टीचा नेम थोडा चुकतो. खाच लांब असल्यानं तेवढं सांभाळून घेता येतं. हाडाची अलीकडची भिंत भोकून त्यातून बारीक हत्यार आत घालायचं आणि खाच लागते का ते चाचपायचं. खाच लागली की पलीकडची भिंत ड्रिल करून स्क्रू. हे बोटांना शिकवावं लागतं. पत्रक वाचून येत नाही. वापरलेल्या रॉडचे एक्स-रे डॉक्टरनं संस्थेच्या नोंदवहीत ऑनलाइन चढवले, की संस्था तेवढे रॉड भरून देते. म्हणजे साठा संपत नाही आणि कामावर नजरही राहते.

‘शिबिरं स्वस्त पडतात’

मोतीबिंदूसारख्या कामात, मागे स्थानिक नेत्रपथक असेल तर, शिबिर चांगलं. पण फाटलेल्या टाळूचे टाके दहाव्या दिवशी उसवले, हर्नियाची जखम चिघळली, तर पथक तेव्हा विमानात बसून गेलेलं असतं. शिवाय सिझेरियन, पोट उघडावं लागणं, हाड बाहेर आलेला फ्रॅक्चर, ही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१५ मध्ये रुग्णालयाच्या कसोटीची ठरवलेली तीन ऑपरेशनं शिबिराची तारीख पाहून येत नाहीत.

‘हे सगळं धर्मांतरासाठी’

पॅक्स ख्रिस्ती संस्था आहे आणि तसं उघड सांगते. प्रशिक्षणात बायबलचा अभ्यासही असतो. ज्याला हे पटत नाही त्यानं तिथे देणगी देऊ नये, हा सरळ मार्ग आहे. पण उपचाराला धर्माची अट असते असं म्हणणं वेगळं. नायजरमधलं गाल्मीचं मिशन हॉस्पिटल जवळजवळ पूर्ण मुस्लिम देशात आहे, आणि तिथल्या खाटांवर तेच लोक असतात. आपल्याला हे परकं वाटू नये. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं आणि तिथे डॉक्टरही शिकवले. सांगली-कोल्हापूरच्या किती घरांनी त्या दवाखान्याची पायरी चढली, हे तिथल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारावं.

देणगी देण्याआधी

भारतातून परदेशी संस्थेला थेट देणगी बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली देता येते, पण त्या देणगीवर प्राप्तिकरातली ८०जीची सूट मिळत नाही. पैसे पाठवण्याआधी संस्थेला विचारा: पूर्णवेळ शिक्षक किती, विद्यार्थ्याला विद्यावेतन किती आणि परीक्षेची फी कोण भरतं, मागच्या पाच वर्षांत उत्तीर्ण झालेले आज कुठे काम करतात. आणि भूल कोण देतं, हे नक्की विचारा. सर्जन तयार आहे पण भूल द्यायला कुणी नाही, म्हणून टेबल रिकामं राहतं. किजाबेत सर्जनांबरोबर भूल देणाऱ्या परिचारकांनाही शिकवतात ते याचसाठी.