‘रोड रेसिंग’ म्हणजे विजापूर रोड नव्हे

काका, मोटारींच्या ‘रोड रेसिंग’वर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘सोलापुरात विजापूर रोडवर पोरं रात्री गाड्या पळवतात, त्यात तुम्ही आणखी तेल ओतताय. आणि नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे श्रीमंतांचे चोचले कशाला?’ असं तुमचं म्हणणं.

पहिला घोळ माझाच. ‘रोड रेसिंग’ हा शब्द मी आहे तसा उचलला. तो वाहत्या रस्त्याबद्दल नाही; डावी-उजवी वळणं असलेल्या बंदिस्त ट्रॅकबद्दल आहे. तिथं लायसन्स, हेल्मेट, ट्रॅकवर लक्ष ठेवणारे मार्शल, रुग्णवाहिका, सगळं लागतं. पाण्याबद्दल काय बोलू, आज आमच्याकडेही आलं नाही.

चोचल्यांचं अर्धं खरं. यंत्रमाग कामगाराच्या पोराला हे आजही परवडणार नाही. पण खर्च खाली आणायची धडपड जुनी आहे. इंग्लंडात १९६७ साली फॉर्म्युला फोर्ड ही शर्यतींची मालिका सुरू झाली ती त्यासाठीच: साध्या मोटारीचं इंजिन, विंग (हवेच्या जोरानं गाडी रस्त्याला दाबून धरणारा पंख) नाही. आपल्याकडे कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन बसवून शर्यतीच्या एकआसनी गाड्या बांधल्या. कोइमतूरही आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव, बरं का! तिथलाच नारायण कार्तिकेयन अशा मारुती इंजिनाच्या गाड्यांतून पुढं गेला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला. (त्याचे वडीलच मोटार रॅलीच्या शर्यती खेळणारे होते, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगतो.)

इतक्या कमी ताकदीच्या गाडीत पोरगं शिकतं काय? वळणावर ब्रेक जरा जास्त दाबला, की गेलेला वेग पुढच्या सरळ पट्ट्यावर भरून निघत नाही; इंजिनात तेवढा दमच नसतो. मग ब्रेक कुठं सोडायचा, वजन पुढच्या चाकांवर कधी येतं, मागची चाकं कधी सुटायला लागतात, हे बुडाला कळावं लागतं. विंग नसल्यामुळे सगळी पकड टायरची, आणि तो किती सोसेल हे हातांनीच ओळखायचं. शिवाय सगळ्यांच्या गाड्या जवळपास सारख्या, म्हणजे हरल्यावर ‘त्याची गाडीच भारी’ असं म्हणायची सोय नाही. दोन लाखांची बाईक घेऊन सरळ रस्त्यावर कान पिळणाऱ्याला यातलं काहीच येत नाही.

एकदा बघायला तरी चला. आपल्या स्टेशनवरून चेन्नईची गाडी थेट आहे, इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक तिथून जवळ. कडक भाकरी तुम्ही घ्या, शेंगाचटणी मी आणतो.