आवाज नको, पण ट्रान्स्क्रिप्ट पूर्ण द्या

लेखात म्हटलंय की अहमदाबादच्या विमान अपघाताचं कॉकपिट रेकॉर्डिंग (पायलटांच्या केबिनमधला आवाज) सगळ्यांना ऐकायला द्या, मला काय हे पटलं नाही. अमेरिकेत पण एनटीएसबी, म्हंजे अपघातांची चौकशी करणारी तिथली सरकारी संस्था, आवाज देत नाही, कायद्यानंच बंदी हाय, पण मोठ्या अपघाताचं लेखी ट्रान्स्क्रिप्ट, म्हंजे बोलणं शब्दाला शब्द लिहून काढलेलं, त्यांच्या साईटवर डॉकेटमध्ये (चौकशीच्या कागदपत्रांच्या फाईलीत) कुणालाबी फुकट वाचता येतं. यूट्यूबवर ऐकू येतंय त्यातलं बरंचसं एटीसीचं (विमानतळावरच्या कंट्रोल टॉवरचं) पायलटांशी रेडिओवरचं बोलणं असतंय. आपल्याकडचं बघायचं तर २०१० च्या मंगळूर अपघाताचा चौकशी अहवाल काढून वाचा, वाटेत बराच वेळ कॅप्टन झोपलेला, घोरणं रेकॉर्ड झालंय, आणि उतरताना को-पायलट गो अराऊंड (उतरू नका, परत वर घ्या) म्हणतोय, तीनदा, तरी कॅप्टननं विमान उतरवलंच, १५८ माणसं गेली. वाचताना अंगावर काटा येतो राव. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात मात्र दोन पायलटांमधला एक प्रश्न आणि एक उत्तर एवढंच, तेबी कुठला पायलट काय बोलला ते नाही, मग लोक वाट्टेल ते बोलत सुटतात. आमच्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं पण विमानं उडत्यात, घरची माणसं त्यात बसत्यात, म्हणून अंतिम अहवालात ट्रान्स्क्रिप्ट पूर्ण पाहिजे, वेळेसकट. पण त्या पायलटांच्या आईबापाला शेवटचा आवाज टीव्हीवर ऐकायला लावू नका.