आणखी एक महामंडळ? पुरे करा ना भो!

निवडणुकीत आपटलेल्या भाऊंची सोय कुठे लावायची? महामंडळावर! मत मागायला नको, जाब द्यायला नको, वर गाडी आपल्या पैशाची. 2024 च्या विधानसभेआधी तर मंत्रिमंडळाने समाजवार महामंडळांची रांगच लावली.

1994 ला वैधानिक विकास मंडळं आली, विकासाचा निधी भागाभागात नीट वाटला जावा म्हणून, तेव्हा आपला खान्देश कशात? ‘उर्वरित महाराष्ट्रा’त. उर्वरित! पंगत उठल्यावर पातेल्यात राहिलेल्या भरितासारखा. एप्रिल 2020 ला त्या मंडळांची मुदत संपली. अमळनेरात कुणाला चुकल्यासारखं वाटलं का?

माझा भाचा एका महामंडळाच्या कर्जासाठी जळगावला चार खेपा घालून आला. अध्यक्षांची पितळी पाटी चकचकीत, खुर्चीवर पांढराशुभ्र टॉवेल, आणि खुर्ची रिकामी. बाबू म्हणे, "निधी नाही." पगाराला बरा येतो निधी!

शेवटी पारावर बसून सह्या गोळा केल्या, निम्मी महामंडळं बंद करा म्हणून. पहिली सही ज्या आप्पांची, ते आता मुंबईच्या खेपा घालताहेत. कुठल्याशा महामंडळावर सदस्य म्हणून नाव लागतंय म्हणे. निघताना मलाच सांगून गेले, "भाच्याचं बघतो रे तुझ्या."