टोरोंटोची ज्युनियर हॉकी स्थलांतरितांमुळे गेली? अजिबात नाही

गेले काही दिवस इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्युनियर आइस हॉकी हा कॅनडातल्या छोट्या गावांचा खेळ, टोरोंटोत तो कधी रुजलाच नाही. होते ते एक-दोन संघ प्रेक्षक नसल्यामुळे बंद पडले आणि आपल्यासारखे बाहेरचे लोक वाढले तसे उरलेलेही शहर सोडून गेले. आपल्याच माणसांनी हे खरं मानून पुढे पाठवलेलं पाहिलं आणि राहवेना. माझा मुलगा याच शहरात हा खेळ खेळतो.

आधी ‘रुजलाच नाही’बद्दल. वीस वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या हॉकीत कॅनडातला सर्वोच्च मान म्हणजे मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या खेळाडूंच्या स्मरणार्थ तो सुरू झाला. 1919 साली तो पहिल्यांदा कोणी जिंकला? टोरोंटोतल्या एका शाळेने. युनिव्हर्सिटी ऑफ टोरोंटो स्कूल्सच्या पोरांनी रेजायनाच्या संघाला दोन सामन्यांत मिळून 29-8 असं धुतलं. पुढच्याच वर्षी टोरोंटो कनू क्लब जिंकला, 1936 मध्ये वेस्ट टोरोंटो नॅशनल्स. सेंट मायकल्स कॉलेजच्या मेजर्सनी 1934, 1945, 1947 आणि 1961 अशी चार वेळा बाजी मारली. आणि मार्लबोरोज, म्हणजे लोकांचे लाडके ‘मार्लीज’, तब्बल सात वेळा: 1929, 1955, 1956, 1964, 1967, 1973, 1975. सातपेक्षा जास्त मेमोरियल कप आजवर कुठल्याही संघाला मिळालेले नाहीत. एकाच शहरात चौदा कप आले, तरी खेळ रुजला नाही म्हणायचं?

मार्लीज खेळायचे ते कार्लटन स्ट्रीटवरच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये. आज तिथे खाली किराणा मालाचं मोठं दुकान आहे. डाळी-तांदळाच्या ट्रॉल्या जातात त्या वाटेवर, फरशीत एक लाल गोल ठिपका आहे. तो बर्फाच्या मैदानाचा मध्यबिंदू. सामना सुरू करताना पंच पक, म्हणजे रबरी चकती, टाकायचा ती जागा. मी मुलाला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा तो बूट जुळवून त्या ठिपक्यावर उभा राहिला आणि बराच वेळ हलेना. मागून ट्रॉलीवाल्या आजी आल्या, त्याही थांबल्या.

आता ‘प्रेक्षक नव्हते म्हणून बुडाले’. सेंट मायकल्सचं उदाहरण घ्या, कारण त्या मजकुरात त्यांचंच नाव आहे. फ्रँक महोवलिच, टिम हॉर्टन, डेव्ह किऑन, रेड केली हे पुढे हॉकीत नाव काढलेले सगळे तिथले विद्यार्थी. 1961 मध्ये फादर डेव्हिड बाउअर यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने एडमंटनला जाऊन कप जिंकला आणि लगेच ज्युनियर संघांची मोठी लीग सोडली. आणखी एक मोसम छोट्या वेळापत्रकाच्या लीगमध्ये खेळून 1962 मध्ये शाळेने संघच थांबवला. शाळा चालवणाऱ्या पाद्र्यांना सामन्यांची वाढती संख्या, मैदानावरची मारामारी आणि मुलांच्या अभ्यासाची होणारी आबाळ पटत नव्हती. कप हातात असताना एखादी शाळा असा निर्णय घेते याचा मला फार आदर वाटतो. त्याला ‘बुडाले’ म्हणणं हा त्या शिक्षकांवर अन्याय आहे.

मार्लीजची गोष्ट वेगळी, ती व्यवहाराची. मेपल लीफ्स या व्यावसायिक संघाचा त्यांच्यावर हात होता, कारण पूर्वीच्या पद्धतीत ज्युनियर संघ पोसला की त्यातले खेळाडू आपोआप पोसणाऱ्याचे व्हायचे. 1960 च्या दशकात ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, आला आणि दशक संपेपर्यंत जुनी पद्धत गेली. आता तयार केलेला मुलगा कोणीही उचलून नेऊ शकत होता. ज्या शहरात मोठ्यांचा संघ खेळतो, तिथे हक्काचा फायदा गेल्यावर ज्युनियर संघ सांभाळायची निकड राहत नाही. 1989 मध्ये मार्लीज हॅमिल्टनला गेले, 1991 मध्ये ग्वेल्फला. आज त्यांचं नाव ग्वेल्फ स्टॉर्म.

आणि इथेच तिसरा, मला सर्वांत जास्त लागलेला मुद्दा येतो: आपण. याच ग्वेल्फ स्टॉर्मकडून 1990 च्या दशकात मॅनी मल्होत्रा खेळला. टोरोंटोशेजारच्या मिसिसागाचा मुलगा, वडील पंजाबी, आई क्विबेकची. 1998 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला घेतलं. महोवलिचचे आईवडील क्रोएशियातून आलेले. व्यावसायिक हॉकी गाजवलेल्या पी. के. सुबानचे कॅरिबियन बेटांवरून. तो टोरोंटोत वाढला आणि ज्युनियर हॉकी खेळायला बेलव्हिलला गेला. स्थलांतरितांनी हा खेळ घालवला असता, तर मिसिसागाचा स्टीलहेड्स हा ज्युनियर संघ 2024 मध्ये शेजारच्या ब्रॅम्प्टनला कशाला गेला असता? तिथे निम्म्याहून जास्त वस्ती दक्षिण आशियाई आहे.

एक गोष्ट मात्र मान्य. 2007 मध्ये सेंट मायकल्सचा पुन्हा उभा राहिलेला संघ मिसिसागाला गेल्यापासून खास टोरोंटो शहरात सर्वोच्च ज्युनियर लीगचा संघ नाही, आणि ते मला खुपतं. पण मुलं इथेच घडतात. 1911 मध्ये सुरू झालेली, आता ग्रेटर टोरोंटो हॉकी लीग म्हणून ओळखली जाणारी संस्था ही लहान मुलांच्या हॉकीतली जगातली सर्वांत मोठी संस्था मानली जाते. तिथली पोरं सोळाव्या वर्षी ज्युनियर संघांत खेळायला सडबरी, किचनर, ओवेन साउंडला परक्या कुटुंबांत राहायला जातात.

शनिवारी पहाटे सहाला स्कारबरोच्या कुठल्याही रिंकवर या. बाकावर बसलेल्या पोरांच्या स्केट्सच्या नाड्या ओढून बांधणारे बाप दिसतील, बोटं गारठलेली, शेजारी चहाचा थर्मास. त्यात तमिळ असतात, फिलिपिनो असतात, जमैकाचे असतात. गेल्या आठवड्यात आम्ही तिघे मराठी होतो.