मे महिन्यात मुंबईत खोली शोधू नका, मुंबई बघा

दूरच्या नात्यातली एक मुलगी जूनमध्ये लोअर परळच्या ऑफिसात रुजू होणार आहे. गेल्या शनिवार-रविवारी नागपूरहून मुंबई ‘बघायला’ आली होती. आज तिच्या आईचा फोन. “ताई, पोरगी म्हणते, मला नाही जमणार तिथं.”

का नाही जमणार? कारण मामाने दोन दिवस पोरीला फक्त खोल्या दाखवल्या. शनिवारी मीरा रोड, तिथून विक्रोळी, रविवारी भर दुपारी चेंबूर. अहो मामा, रविवारी मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात! साधारण 11 ते 4. हार्बर लाइनवर असला की कुर्ल्याच्या फलाटावर माणूस शिजतो. आदल्या दिवशी वेळापत्रक जाहीर होतं, ते तरी बघायचं. चीड येते ती याची की या दोन दिवसांत मुलीने ना समुद्र पाहिला, ना धड काही खाल्लं. आवडेल कशी मुंबई?

आणि मुळात मे हा खोली निवडायचा महिनाच नाही. मेमध्ये मुंबईतली प्रत्येक भिंत कोरडी असते. मालक एप्रिलमध्ये पुट्टी मारून नवा रंग लावतो, खोली चकाचक दिसते, आणि जुलैत खिडकीखालचा रंग फुगून पापुद्रे पडायला लागतात. गच्चीखालचा मजला, संडास-बाथरूमला लागून असलेली भिंत, पश्चिमेकडे उघडी असलेली भिंत, ओल इथेच येते आणि पावसातच कळते. दुपारी 1 वाजता खोली बघून नळाला पाणी किती वाजता येतं तेही कळत नाही. मी तर सांगते, पहिले दोन महिने पीजीत काढा, जुलैच्या धो धो पावसात खोल्या बघा, मगच डिपॉझिट द्या आणि 11 महिन्यांचा करार नोंदवून घ्या. पीजीचं भाडं फुकट जातं, मान्य. ओलीच्या खोलीत अडकलेलं डिपॉझिट त्याहून महाग पडतं.

राहिला उकाडा. नागपूरकरांना वाटतं, आम्ही 45 अंशांतले, तुमचे 34 काय करणार? इथली हवा आधीच ओली, त्यामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. ही मुलगी नागपूरच्या सवयीने तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरली आणि शनिवारी संध्याकाळी चक्कर येऊन बसली. इथे दुपट्ट्याने जीव घुसमटतो, तो पिशवीत ठेवा. सैल सुती कपडे घाला, पायात सँडल, आणि नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम प्या. (सामानाच्या ट्रकमध्ये कूलरही चढवू नका. पाणी उडून हवा गार होते हे त्याचं तत्त्व, दमट हवेत पाणी उडणार कुठे? मुंबईत कूलर म्हणजे आवाज करणारी बादली.)

मग दोन दिवस करायचं काय? दिवसाचे तुकडे पाडायचे. सकाळी 6 ते 10 बाहेर, 11 ते 5 थंड जागी, मग पुन्हा बाहेर.

विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलात की सामान ठेवून आधी पश्चिमेच्या फुलबाजारात जा. उशीर केलात तर चिखल आणि देठ बघाल. मग पूर्वेला पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. मेमध्ये तिथे बहावा, गुलमोहर, ताम्हण फुललेले असतात आणि सावली इतकी की ही मुंबईच का, असा प्रश्न पडतो. नाश्त्याला साबुदाणा वडा आणि पियुष. यावर कुणी वाद घालणार नाही, गृहीत धरते.

दुपारी दादरहून मेट्रो 3. आरे ते कफ परेड 33.5 किलोमीटर, टोकाचं आरे स्थानक सोडलं तर जमिनीखालून, थंडगार, तिकीट 10 ते 70 रुपये. खाली गेल्यावर नेटवर्क दगा देऊ शकतं, म्हणून तिकीट वर असतानाच काढा किंवा सुटे पैसे जवळ ठेवा. हुतात्मा चौकाला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दोन-तीन तास. भाऊ दाजी लाड संग्रहालय किंवा राणीची बाग असेल तर बुधवार टाळा, पण शनिवार-रविवारी तो प्रश्न नाही. रविवारी दुपारी मात्र दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक. एसीही मिळतो आणि आपली माणसंही दिसतात. कान्हेरी, घारापुरी आत्ता नको. मेच्या उन्हात तो कातळ तव्यासारखा तापतो. कान्हेरी ऑगस्टमध्ये करा. अलिबाग डोक्यात असेल तर मांडव्याची बोट मेअखेर पावसाळ्यासाठी बंद होते, आधी विचारा.

मरीन ड्राइव्हला 5 वाजता जाणारे लोक मला कळत नाहीत. कट्टा चटके देतो. मेमध्ये सूर्य 7 नंतर मावळतो. साडेसहाला चर्चगेटला उतरा आणि चौपाटीकडे चालत सुटा. रविवारी पहाटेसाठी मलबार हिलचा उंचावरचा लाकडी मार्ग आधीच ऑनलाइन नोंदवा, 25 रुपये, सुट्टीच्या वेळा लवकर भरतात. तिथून बाणगंगा जवळ.

ताडगोळे खा. बोटाने दाबून मऊ लागतील तेच घ्या, कडक म्हणजे जून झालेले. हापूस मेच्या शेवटी स्वस्त होतो, पण कापल्यावर साका (आतला बिघडलेला, पांढरट गर) निघू शकतो आणि तो वरून ओळखता येत नाही, त्यामुळे घरी न्यायची पेटी घ्यायच्या आधी एक फळ कापायला लावा. लाजू नका.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मामांनीही स्वतःची सुट्टी घालवली, टॅक्सीचे पैसे भरले, काळजीपोटीच ना. मोठ्या शहरात भाचीला डोक्यावर छप्पर मिळावं एवढंच त्यांना दिसत होतं. पण छप्पर शोधायला अख्खा पावसाळा पडलाय, आणि डोक्यावर सोमवार नसलेले असे दोन दिवस तिला पुन्हा कधी मिळणार?

तिच्या आईला सांगितलंय, मे संपायच्या आत परत पाठवा, आणि परतीचं तिकीट रविवारचं नको, सोमवार रात्रीचं काढा. रविवारच्या रिकाम्या गाड्या बघून कुणी फसू नये. सोमवारी सकाळी पावणेनऊला तिने दादरच्या पश्चिम रेल्वेच्या फलाटावर उभं राहायचं. लोअर परळला फास्ट थांबत नाही, इंडिकेटरवर स्लो बघायची, लेडीज डबा कुठे येतो ते हेरून ठेवायचं, बॅग पुढे घ्यायची. मध्ये फक्त प्रभादेवी, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या उतरायच्या दाराकडे सरकायचं. ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन परत यायचं. एकटीने. मामांना म्हणावं, तुम्ही त्या दिवशी कामावर जा.