धोरण आधी, सर्वेक्षण सवडीने

आरोग्याची योजना रेटायची आहे आणि वर ‘संशोधनावर आधारित’ असा शिक्काही हवाय? सोपं आहे. परवाच एका दवाखान्याच्या दारात टॅब पुढे करून माझं ‘मत’ घेतलं गेलं, तेव्हा सगळी युक्ती कळली.

निष्कर्ष आधी ठरवा. लोकांच्या उत्तरांची वाट बघत बसलात तर आर्थिक वर्ष संपेल.

एका प्रश्नात दोन कोंबा. ‘डॉक्टरांचं वागणं आणि औषधांचा पुरवठा समाधानकारक होता का?’ डॉक्टर भले होते, औषध एकही मिळालं नव्हतं. तसं म्हटलं, तर टॅबवाल्या बाई म्हणाल्या, ‘ताई, हो की नाही तेवढंच सांगा,’ आणि स्वतःच ‘हो’वर बोट टेकवून मोकळ्या झाल्या. मानसशास्त्रज्ञ लिकर्टसाहेबांनी १९३२ सालीच मतांची पायरी-पायरीची मोजपट्टी दिली, म्हणून काय ती वापरायलाच हवी?

विचारताना शेजारी कर्मचारी उभा ठेवा. तक्रारी आपोआप घटतात.

आणि नमुना, म्हणजे ज्यांना विचारायचं ती माणसं, दारातच गाठा! जे पोचलेच नाहीत, म्हणजे ज्यांची मजुरी बुडते, ज्यांना मागच्या खेपेला हाकललं, ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, ते यादीत कशाला? १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त उत्तरं गोळा करून लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. यादी मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांची, त्यातही उत्तर धाडायची हौस असलेल्यांचीच मतं आली. पण तिथे निदान मतदान झालं आणि पितळ उघडं पडलं. इथे कोण पाडणार? न आलेल्याला विचारायचं नाही, म्हणून त्याची अडचण कळत नाही, म्हणून तो पुढच्या वर्षीही येत नाही, आणि आलेल्यांचं ‘समाधान’ दर अहवालात चढतंच!

तुलनेसाठी गट तर ठेवूच नका. मेक्सिकोने १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ ही गरीब कुटुंबांना पैशाची मदत देणारी योजना सुरू करताना ५०६ गावांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, मदत आधी कुणाला, नंतर कुणाला. मग दोन्हीकडची मुलं ताडून पाहिली. फरक दिसला, आणि सरकार बदललं तरी योजना टिकली. नवं सरकार आलं की नवं नाव देता आलं पाहिजे, पुराव्याची ब्याद हवी कशाला?

जाऊ दे, थट्टा पुरे. अहो, पद्धती आहेत, शिकलेली माणसं आहेत, पैसाही खर्च होतोच आहे. प्रश्नावली छापण्याआधी दहा जणांवर तपासून बघायला काय धाड भरली आहे? दवाखान्याच्या मागच्या वस्तीत जाऊन, जो आला नाही त्याच्या उंबऱ्यावर अर्धा तास बसा ना! तेवढंही करायचं नसेल तर लोकांच्या नावावर पावती फाडू नका. सरळ लिहा, आमच्या मनात आलं म्हणून केलं.