पेडर रोड जिंकण्याची अचूक रीत

मुंबई मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, साडेचार तासांत संपवायची तर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद असा वेग पडतो. हा आकडा पाठ करा आणि सुटल्याबरोबर विसरून जा.

पहाटे सीएसएमटीसमोर अंधारात लाउडस्पीकर दणाणत असतात, आठवडाभर आराम केलेले पाय शिवशिवत असतात आणि शेजारचे साठीचे काका पुढे सटकलेले असतात. त्यांना पुढे जाऊ देणं म्हणजे घराण्याची बेअब्रू. किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या वेगाने पळा. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये नऊ मिनिटं शिल्लक पडतात, ती बँकेत टाकली असं समजा. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, आटतं, तुम्ही आठच्या वेगाला लागता आणि बँक त्या नऊ मिनिटांच्या बदल्यात एकोणीस कापून घेते. पण ठेव ठेवताना बारीक अक्षरातल्या अटी कोण वाचतं?

आता पेडर रोड. सिंहगड चढणारे या चढाला हसतात, आणि तो आहेही छोटाच. फुल मॅरेथॉनच्या नेहमीच्या मार्गावर तो दोनदा येतो. (मार्गात वर्षागणिक फेरफार होतात, नकाशा बघायची तसदी घेऊ नका.) केम्प्स कॉर्नरकडून पहिल्यांदा चढतानाच त्याचा निकाल लावा. काही रटाळ मंडळी चढावर पावलं आखूड करतात, घड्याळातला वेग खुशाल घसरू देतात आणि फक्त दम सारखा ठेवतात. बोलताना वाक्य पुरं करता आलं पाहिजे म्हणे! मॅरेथॉनला काय गप्पा मारायला आलोय? तुम्ही चढावर तोच वेग धरा आणि पलीकडच्या उतारावर लांब ढांगा टाकत, टाचा दणादण आपटत हाजी अलीकडे सुटा. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ब्रेक लावत असतात. त्याची पावती लगेच मिळत नाही. ती मिळते परतीच्या वाटेवर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, याच पेडर रोडवर. तोवर ऊन वर आलेलं असतं. फुटपाथवर लोक संत्र्याच्या फोडी घेऊन उभे असतात. ‘आलंच आता!’ म्हणतात, आणि सात किलोमीटर बाकी असतात. एखाद्या आजी तुमच्या छातीवरच्या बिबवरचं नाव वाचून हाक मारतात. तुम्ही चालत असता, त्यामुळे त्यांना ते चष्म्याशिवायही वाचता येतं.

मधे सी-लिंक लागतो. एरवी तिथे पायी जाऊ देत नाहीत, तेव्हा सेल्फी सक्तीची. समुद्रावरचा वारा समोरून आला तर घोळक्याच्या मागे राहिल्याने श्रम वाचतात, पण घोळक्यातल्या माणसाचा फोटो बरा येत नाही. एकटे पुढे व्हा.

बूट आणि पळताना खायचं एनर्जी जेल शनिवारी एक्स्पोमध्येच, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनातच घ्या, रविवारी पहिल्यांदा वापरून बघा. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३ मध्ये इथे २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा विक्रम केला. त्याच्यासारखे बूट घेतले की निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं पोटातलं जेल बघून घेईल. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन ग्लास रिचवा, तहान असो नसो. दमट हवेत घामावाटे मीठ जातं, वर नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि प्रकरण चक्कर येण्यापासून इस्पितळापर्यंत कुठेही जाऊ शकतं. पण फुकट पाणी सोडवतं कुणाला?

मरीन ड्राइव्हला लागलात की समोरच्या इमारती अगदी हाताशी आल्यासारख्या दिसतात. जोर लावा. रस्ता तिथे वळत राहतो, इमारती आहेत तिथेच राहतात.

साडेपाच तासांनी पोचल्यावर दोष दमट हवेला द्या, गर्दीला द्या, आदल्या रात्रीच्या पास्त्याला द्या. सगळ्यात भक्कम पुरावा मनगटावर असतो: घड्याळ ४२.९ किलोमीटर दाखवतंय, म्हणजे आयोजकांनी मार्गच चुकीचा मोजला. ग्रुपवर ठणकावून लिहा. मोजणारे सायकलच्या चाकाला यंत्र लावून वळणाच्या आतल्या कडेने, सगळ्यात जवळच्या रेषेवरून जातात, असं कुणी सांगू लागलं तर त्याला म्यूट करा. काकांना गाठायला तुम्ही रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत किती वेळा कापलंत, ते यंत्रात थोडंच येतं? काका चार तास वीस मिनिटांत पोचले, पण त्यांचं वय काढा, विषय बदलेल.